रात्रीची वाटी आणि उजवा डोळा

साबण डाव्या डोळ्यात गेला म्हणून कळलं. तो उजव्यात गेला असता तर मला काहीच कळलं नसतं. तोंड पुसून नेहमीसारखा चहाला बसलो असतो.

दिवाळी होऊन गेली होती. आमच्या आसगावकडे धान मळून निघायला लागलं होतं आणि माझ्या धंद्याचे दिवस सुरू झाले होते. पवनीच्या रस्त्याला माझा वजनकाटा आहे. धानाचे ट्रॅक्टर, तांदळाचे ट्रक, अधूनमधून लाकूड किंवा रेती, जे काही चाकावर येतं ते मी मोजतो. घरी आम्ही चौघं: मोठा भाऊ आणि वहिनी, मी आणि बायको. मुलं शिकायला आणि नोकरीला बाहेर. शेती भाऊ पाहतो, काटा मी पाहतो.

आमच्या अंगणात नळाच्या वर आरसा टांगलेला आहे. तिथे दाढी करताना फेस डाव्या डोळ्यात गेला. तो मी घट्ट मिटला आणि उजव्याने आरशात पाहिलं. कपाळ होतं, भुवया होत्या, डोळे होते. नाकाखाली काही नव्हतं. काळं नव्हतं, दुखत नव्हतं. राखेच्या पाण्याने कुणी खालचा अर्धा आरसा सारवून ठेवावा तसं करडं होतं. माझी मिशी चांगली भरदार आहे. ती दिसत नव्हती.

मी आरसा पुसला. मग डोळा धुतला. मग उजवा मिटून डावा उघडला तर पूर्ण चेहरा, मिशीसकट. पुन्हा डावा मिटला तर मिशी गायब. असं मी करत होतो तेवढ्यात बायको बादली घेऊन आली.

"अवो, सकाळी सकाळी आरशाले डोळा मारून राहिले काय?"

"साबण गेला डोळ्यात."

"दोनीत गेला काय? एकदा हा मिटता, एकदा तो मिटता."

माझी सवय अशी की एखादी गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय सांगायची नाही. चहा न घेताच मी काट्यावर गेलो. केबिनमध्ये वजन दाखवणारा लाल आकड्यांचा डबा आहे. रिकामा काटा असला की त्यावर शून्य असतं. मी हमालाकडून काट्यावर दोन पोती टाकून घेतली आणि डावा डोळा हाताने झाकला. आकड्यांचे नुसते वरचे अर्धे भाग दिसले. आठ आणि नऊ यांत फरक राहिला नव्हता. हात काढला की आठ तो आठ.

मी शटर ओढलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. भाऊ ओसरीत खाटेवर बसला होता. तो म्हणाला, "मान आखडली असन. रातभर एकाच कुशीवर झोपतं तू."

"मान आखडली तं मिशी कशी जाईन?" बायको म्हणाली. ती मोठ्या दिराशी सहसा बोलत नाही, त्यामुळे तो चपापला. ती माझ्याकडे वळली. "उठा. भंडाऱ्याले जाऊ. आत्ता."

आता इथे मला थोडं मागे जाऊन घरची एक पद्धत सांगावी लागेल, कारण सगळं तिच्याशी जोडलेलं आहे.

आमच्या भावाला पुष्कळ वर्षांपासून रक्तदाब आहे. त्याची गोळी पूर्वी सकाळी होती. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत माणूस अंधारातच शेतावर, बांधीत जातो. चहा तिकडे, न्याहारी तिकडे. गोळी घरी फळीवर राहायची. अशाच एका रोवणीत तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला असताना त्याचं तोंड थोडं वाकडं झालं आणि शब्द जड झाले. तासाभरात सगळं पूर्ववत झालं, पण वहिनीने धसका घेतला. डॉक्टरांना विचारून तिने त्याची गोळी सकाळऐवजी रात्रीवर आणली. जेवण झालं की ती स्टीलच्या वाटीत भाजलेला ओवा आणि बडीशेप आणायची आणि त्यावर गोळी ठेवलेली असायची. भाऊ आधी गोळी घेई, मग ओवा चावत असे. त्या दिवसापासून त्याची एकही गोळी चुकलेली नाही.

पुढे मलाही रक्तदाब निघाला. पवनीच्या डॉक्टरांनी मला एक गोळी सकाळची आणि एक संध्याकाळची दिली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमची पट्टी माह्यापाशी द्या. तुमी काट्यावर पळता आणि इसरता." मी दिली. त्यानंतर माझीही वाटी येऊ लागली. भावाच्या वाटीत एक गोळी, माझ्या वाटीत दोन. दोन्ही एकदम, जेवणानंतर. हे कुणी ठरवून केलं नाही. वाट्या यायची वेळ एकच होती, म्हणून तसं झालं.

आणि मी रक्तदाब मोजायचो. मला मोजायला आवडतं. मनगटावर नव्हे, दंडावर पट्टा बांधायचं चांगलं यंत्र मी आणलं होतं आणि रोज सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी, पडल्या पडल्या, मी ते लावायचो. एकशे चारवर सहासष्ट. कधी एकशे एक. चहाच्या वेळी मी तो आकडा मोठ्याने सांगायचो. भावाचा एकशे तीसच्या खाली क्वचित यायचा.

"परीक्षेत कमी मार्क भेटले तं खुश होनारा हा पयला मानूस पाहिला," भाऊ म्हणायचा.

"जळतं तू," मी म्हणायचो.

ही आमची सकाळ. वर्षानुवर्षे.

तर त्या दिवशी आम्ही दोघं बसने निघालो. अड्याळ गाव मागे पडल्यावर बायकोने विचारलं, "बाहेर काय दिसते?" मी म्हणालो, "दोन्ही डोळ्यांनी सगळं दिसते." ती म्हणाली, "मंग दोनी उघडेच ठेवा. सारखं झाकून पाहू नका." मी पाहणं बंद केलं. पण मनात हिशेब चालू होता. एक डोळा अर्धा गेला तरी काटा चालतो. दुसऱ्यालाही असंच झालं तर चालत नाही. आमच्याकडे लोक धान घेऊन येतात ते मी स्वतः आकडा पाहतो आणि स्वतः मोठ्याने सांगतो म्हणून. मालकाला आकडा दिसत नाही असं एकदा गावात झालं की काट्याला कुलूप.

भंडाऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर असा पुष्कळ वेळा फिरवला. मग थेंब टाकून बसवलं. बाहुल्या मोठ्या झाल्यावर यंत्रातून आत पाहिलं, आधी उजव्यात, मग डाव्यात. डाव्यात जास्त वेळ पाहिलं, ते मला आवडलं नाही.

"डोळ्यातून मेंदूकडे एक नस जाते," त्या म्हणाल्या. "उजव्या बाजूला तिच्या तोंडाशी सूज आहे. डोकं दुखतं का? कानशिलाजवळ?"

"नाही."

"केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते?"

"नाही."

"चावताना जबडा दुखतो?"

"खर्रा चावताना? नाही," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोला सांगितलेलं होतं की खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं ते चघळणं, सुटला.

"खर्रा किती?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"किती ते सांगा ना," बायको म्हणाली. "तुमाले तं आकडे पाठ राह्यतात."

मी सांगितला तो आकडा. इथे लिहीत नाही.

जबड्याचं त्यांनी विचारलं त्याला कारण होतं. रक्तवाहिन्यांनाच सूज येण्याचा एक आजार असतो, तो असेल तर त्याच दिवशी औषध सुरू करावं लागतं, नाहीतर दुसराही डोळा जातो. म्हणून लगेच रक्त तपासायला पाठवलं. अहवाल येईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बायकोने डब्यातली भाकर काढली. मी खाल्ली नाही. ती म्हणाली, "जबडा दुखत नाही ना? मंग खा."

अहवाल चांगला आला. तो आजार नव्हता. त्या दिवसातला पहिला श्वास मी तिथे घेतला.

मग त्यांनी एका अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं. मध्ये एका ठिपक्याकडे पाहत राहायचं आणि कडेला कुठेही उजेडाचा टिपका दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी मी बराच वेळ बटण हातात धरून नुसता बसलो होतो. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर वरचा अर्धा पांढरा आणि खालचा अर्धा काळा. डाव्या डोळ्याचा कागद पूर्ण पांढरा. तो कागद मी हातात घेऊन उभाच राहिलो.

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं, मी ते माझ्या शब्दांत लिहितो. डोळ्याच्या नसेत लाखो बारीक धागे असतात आणि ते सगळे एका छोट्या भोकातून बाहेर पडतात. त्या ठिकाणी नसेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसासारख्या. मोठ्या वाहिनीत थोडं कमीजास्त झालं तर हातापायाला कळत नाही, पण या केसाएवढ्या जागेला कळतं. रक्त कमी पोचलं की नस उपाशी राहते आणि सुजते. भोक अरुंद असलं की सुजलेली नस आणखी चेंगरते. माझं भोक जन्मतःच अरुंद आहे. हे बहुतेक झोपेत होतं आणि माणसाला सकाळी कळतं.

"उजवा परत येईल का?" मी विचारलं.

"थोडा येऊ शकतो. पूर्ण येईल असं मी सांगणार नाही. यावर भरवशाचं औषध आज नाही."

"आणि डावा?"

"डाव्याची ठेवण तशीच आहे. म्हणून आता खरी काळजी डाव्याची."

"किती टक्के?"

त्या जरा हसल्या. "टक्के पुस्तकात असतात. तुमच्या डोळ्यावर लिहिलेले नसतात. बहुतेकांचा दुसरा डोळा वाचतो. पण त्यासाठी डोळ्याकडे नाही, सगळ्या शरीराकडे पाहावं लागेल. रक्तदाब, साखर, चरबी, तंबाखू, झोप. उद्या फिजिशियनकडे जा."

बहुतेक. मला हा शब्द सोसत नाही. बहुतेक पन्नास क्विंटल असं म्हणून मी कुणाला पावती दिलेली नाही. पण त्या रात्रीपासून पुढचे तीन महिने मी त्या शब्दावर काढले.

फिजिशियन तरुण होते आणि प्रश्न भराभर विचारायचे.

"रक्तदाब घरी मोजता?"

"रोज. एकशे चार, सहासष्ट." मी अजूनही थोडा अभिमानानेच सांगितलं.

"कधी मोजता?"

"सकाळी. उठायच्या आधी, पडल्या पडल्या."

"आणि दुपारी? कामावर?"

"नाही."

"फक्त सकाळी?"

"फक्त सकाळी."

"आणि गोळ्या कधी घेता?"

"रात्री. दोन्ही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मलाही तेव्हाच कळलं. माझ्या काट्यावर गाडी दोनदा चढते. आधी भरलेली, मग माल उतरवून रिकामी. दोन्ही वजनं असल्याशिवाय मी पावती फाडत नाही, मग समोर कुणीही असो. त्यावरून माझी भांडणंही झालेली आहेत. आणि स्वतःच्या बाबतीत मी इतकी वर्षं एकाच वजनावर पावती फाडत होतो.

"झोप कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगली."

"घोरता?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "घोरते म्हंजे? डॉक्टर, वैनगंगेतून रेतीचा टिप्पर भरून निंगते ना, घाट चढते, तसं. गावातली कुत्री भुकणं बंद करते."

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. मग त्यांनी विचारलं, "मध्येच थांबतं का? आवाज एकदम बंद?"

बायकोचा चेहरा बदलला. "थांबते. टिप्पर मधीच बंद पडते. मी मोजत राह्यतो. मंग कोपर मारतो, तवा चालू होते."

"किती दिवसांपासून?"

"लगन होऊन दहा-बारा वर्सं झाली असन तवापासून."

हे मला माहीत नव्हतं. माझी झोप चांगली होती, कारण कोपर ती मारत होती.

डॉक्टरांनी दोन यंत्रं दिली. एक झोपेचं. दुसरं दिवसरात्र दंडाला बांधून ठेवायचं, ते दर थोड्या वेळाने आपोआप फुगून रक्तदाब मोजतं. ते बांधून मी काट्यावर बसलो. बाही फुगली की ट्रॅक्टरवाले विचारायचे, "मालक, हवा भरून राहिले काय? मागच्या चाकातही भरून द्या." घरी वहिनीने ते पाहिलं आणि म्हणाली, "बापा, हे तं भाऊजीच्या हातावर मोटार बसवली."

अहवाल आला तो मी डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून, उलटा दिसत असतानाच वाचला. दिवसा काट्यावर वरचा आकडा एकशे अडतीसपर्यंत गेलेला. आणि झोपेत ब्याऐंशी. खालचा सेहेचाळीस. मी तो आकडा दोनदा वाचला. झोपेच्या अहवालात श्वास थांबल्याच्या खुणा इतक्या होत्या की बायको बोट ठेवून म्हणाली, "हे पाहा, माह्ये कोपर."

डॉक्टर म्हणाले, "झोपेत रक्तदाब सगळ्यांचाच थोडा उतरतो. तुमचा आधीच उतरतो, त्यावर दोन गोळ्यांचा जोर त्याच वेळी येतो. वरून श्वास थांबतो तेव्हा रक्तात प्राणवायू कमी. रोजच्या खर्ऱ्याने वाहिन्या आकसलेल्या. साखर सीमेवर. यातल्या एकानेच डोळा गेला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, शास्त्रालाही ते अजून पक्कं माहीत नाही. पण जे आपल्या हातात आहे ते आपण बदलू."

बदललं ते असं. एक गोळी बंद, दुसरी सकाळी. चरबीची एक नवी गोळी. झोपताना नाकावर मास्क, त्यातून यंत्र हवा देतं. खर्रा पूर्ण बंद. कमी नाही, बंद. आणि मोजायचं ते सकाळी, दुपारी, रात्री. आकडा एकदम खाली आणायच्या नादाला लागायचं नाही.

सगळं सोपं होतं. एक गोष्ट सोडून. वहिनीला सांगायचं कसं?

मी नको नको म्हणत असताना भावाने जेवताना ते बोलून टाकलं. "हा म्हणते, राती दोन गोळ्या एकदम दिल्या म्हणून डोळा गेला."

"मी तसं म्हणालो नाही," मी म्हणालो.

"मंग काय म्हणालास?"

वहिनीच्या हातात भाताची थाळी होती. तिने ती खाली ठेवली, वाढलं सगळ्यांना, आणि आत गेली. त्या रात्री वाटी आली नाही. दुसऱ्या रात्रीही आली नाही. मी माझी गोळी सकाळी स्वतः घेत होतो, पण भाऊ वाटीशिवाय गोळी घेणारा माणूस नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं तर म्हणाला, "वाटीच नाही तं गोळी कुठची?"

"फळीवर असेल."

"मी नाई शोधत."

आता मला दोन काळज्या होत्या. एक माझ्या डाव्या डोळ्याची, एक भावाच्या तोंडाची, जे एकदा धुऱ्यावर वाकडं झालं होतं. मी वहिनीपाशी चुलीजवळ गेलो आणि म्हणालो, "वहिनी, त्याची गोळी द्या. त्याचं आणि माझं वेगळं आहे."

"मले काय समजते वेगळं?" ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "माह्या हातानं एकाचं तोंड सुदं झालं आणि एकाचा डोळा गेला. आता मी कोनाले काही देत नाही."

बायकोने तिला समजावलं, मी समजावलं. उपयोग झाला नाही. भावाला मी ओढून त्याच फिजिशियनकडे नेलं आणि त्याच्या दंडालाही तो पट्टा बांधायला लावला. तो दिवसभर शिव्या देत होता. त्याचा अहवाल मात्र सरळ आला. रात्री थोडा उतरतो, बेताचा. पहाटे चढायला लागतो. डॉक्टर म्हणाले, यांची गोळी रात्रीच राहू द्या, यांना तीच वेळ बरी. भाऊ घरी येऊन म्हणाला, "पाहा. माह्यं रातीचंच चांगलं हाये." वहिनीने ऐकून घेतलं आणि त्याची गोळी द्यायला लागली, पण नुसती, तळहातावर. वाटी नाही, ओवा नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टर बाईंनी पुन्हा बोलावलं होतं. त्या दिवशी डावा डोळा पुन्हा त्या यंत्रावर बसणार होता. बसस्टॉपवर आम्ही दोघं उभे होतो तर मागून वहिनी आली, इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवी घेऊन.

"तुमी कुठी चालल्या, बाई?" बायकोने विचारलं.

"तुमच्यासंगं. मले त्या डॉक्टरीणले एक विचारायचं हाये."

वाटेत ती खिडकीजवळ बसली आणि बाहेर पाहत राहिली. दवाखान्यात मी अंधाऱ्या खोलीत गेलो. आधी उजवा. मग डावा. डाव्याच्या वेळी मी प्रत्येक टिपक्याला घाईघाईने बटण दाबत होतो. एखादा टिपका चुकला की डोळ्यामुळे चुकला की अंगठ्यामुळे, ते कळायला मार्ग नव्हता. बाहेर आलो तर दोघी जावा एकमेकींचा हात धरून बसलेल्या.

डॉक्टर बाईंनी नवे कागद जुन्या कागदांच्या शेजारी ठेवले. नंतर आत यंत्रातून पाहिलं. पहिल्यांदा डाव्यात पाहिलं तितकाच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागे सारली.

"डावा एकदम स्वच्छ आहे. काही नाही त्याला. उजव्याची सूज उतरली आहे. नस थोडी फिकी पडली आहे, ती तशी राहील. पण हे बघा."

उजव्याच्या कागदावर खालचा अर्धा अजून काळाच होता. पण जिथे वरचा पांढरा आणि खालचा काळा भेटतात, तिथला पट्टा करडा झाला होता. मी बोट ठेवून मोजणार होतो. मोजलं नाही. मला एकदम बसून घ्यावंसं वाटलं, आणि मी बसलेलाच होतो.

"डावा राहील ना आता?" बायकोने विचारलं.

"असंच चालू ठेवलं तर बहुतेक राहील," त्या म्हणाल्या. या वेळी तो शब्द मला चालला.

तेव्हा वहिनी पुढे झाली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला.

"बाई, मी सरळ विचारतो. भाऊजीच्या दोनी गोळ्या मी राती एकदम देत होतो. माह्यानं डोळा गेला का?"

मी डॉक्टर बाईंकडे पाहत होतो. माझ्या मनात होतं की नाही म्हणा, आणि त्याच वेळी असंही होतं की खोटं म्हणू नका.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "रात्री दोन गोळ्या एकदम, हे यांना जड गेलं असावं. त्यासोबत यांचा खर्रा होता, घोरणं होतं, साखर होती, आणि जन्मापासून अरुंद जागा होती. तुमच्या वाट्याला येतं ते त्यातलं एकच टोक. आणि दुसरी गोष्ट ऐका. रक्तदाबाची गोळी चुकवणारे माझ्याकडे रोज येतात. कुणाच्या डोळ्यात रक्त उतरतं, कुणाला लकवा होतो. यांनी किती वर्षांत एकही गोळी चुकवली नाही?"

"एकबी नाई," वहिनी म्हणाली.

"मग ते तुमच्यामुळे. वेळ बदलली, तुम्ही नका बदलू."

वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "घोरणं तं माह्यं नाई ना?"

"नाही."

"आणि खर्रा?"

"तोही नाही."

"हं," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आयकलं का, भाऊजी?"

येताना बस भरलेली होती. बायको आणि वहिनी एका बाकावर बसल्या आणि भंडाऱ्यापासून अड्याळपर्यंत माझ्या खर्ऱ्यावर बोलत राहिल्या. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि मला बरं वाटत होतं. बाहेर उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. माझे दोन्ही डोळे उघडे होते. थेंबांमुळे ऊन फार लागत होतं, पण मी मिटले नाहीत.

त्या रात्री जेवण झालं आणि दोन वाट्या आल्या. भावाच्या वाटीत ओव्यावर गोळी होती. माझ्या वाटीत नुसता ओवा आणि बडीशेप. मी सवयीने बोटाने ओवा बाजूला सारला.

"काय शोधून राहिले?" वहिनी म्हणाली. "तुमचं सकाळी. चाहाच्या बशीत."

सकाळी बशीत गोळी होती. मी ती घेतली, दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला. एकशे चोवीस. भावाने विचारलं, "किती?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आता आलास माणसात," आणि चहा ओढू लागला.

मग मी नळाजवळ गेलो. साबण मी मुद्दाम डोळ्यात घातला नाही, नुसता डावा हाताने झाकला. खालचा आरसा अजून करडाच होता, पण नाकाखाली एक पुसट आडवी रेघ होती.

"मिशी दिसून राहिली," मी ओरडून सांगितलं.

बायको बादली घेऊन आली आणि आरशात माझ्याकडे पाहून म्हणाली, "पिकली हाये, ते दिसते काय?"

"ते नाही दिसत."

"मंग अर्धाच बरा झाला," ती म्हणाली आणि नळाखाली बादली लावली.